ओठातील जांभळ्या गनिमाची हकीकत

विस्कॉन्सिन मुलखी, स्टीव्हन्स पॉइंट कसब्यात, पोल्का वाद्यवृंदातील क्लॅरिनेटच्या सरनोबत, अखंडवादनतत्पर बर्नाडीनबाई कुलास यांजवर जो प्रसंग गुदरला, त्याचे साद्यंत वर्तमान श्रोत्यांनी सावधचित्ते ऐकावे.

ऐन हिवाळियात बाईंचे खालचे ओठात, आतले अंगास, वाटाण्याएवढा जांभळा गनीम ठाण मांडोन बसला आणि तो दुखेना, खुपेना, मागेही हटेना. मग क्लॅरिनेट तोंडी लाविता सूर फाटो लागला आणि बाईंचे मनी कर्करोगाची धास्ती शिरोन झोप परागंदा जाहली. यजमान एल्मरसाहेब थट्टेत मोठे मातब्बर. म्हणाले, "अगं, ओठ चावला असशील. माझ्या हातचं सॉसेज खाताना कुणाला भान राहतं?"

"तुझं सॉसेज चावलं जात नाही रे, म्हणून ओठ चावला जातो!"

इतकी मसलत होऊन उभयतांनी दंतवैद्य इन्ग्रिडबाई हाउगेन यांजकडे कूच केले.

वैद्यीणबाईंनी दिवा रोखोन मुआयना केला आणि काचेची पट्टी गाठीवर दाबिली, तो गनीम किंचित फिका पडला आणि पट्टी काढिताच पुन्हा जांभळा जाहला. मग फर्माविले जे, आत रक्ताचा वावर दिसतो, सबब सुरीची घाई न करावी, आधी सोनोग्राफीचे हेर रवाना करावे. हेरांनी खबर आणिली की ओघ मंद, सरहद्द आखीव, स्नायूत शिरकाव नाही. मग शल्यविशारदांनी जागा बधिर करोन गनीम सगळाच्या सगळा कैद केला आणि प्रयोगशाळेत चौकशीस धाडिला. निकाल येईतो बाई क्लॅरिनेट पेटीतून काढीत, पुशीत आणि न वाजविता ठेवीत.

अखेर हाउगेनबाईंनी समक्ष बोलाविले.

"कॅन्सर नाही, बर्नाडीन. रक्तवाहिनीच्या आतच पेशी वाढून झालेली गाठ आहे, अगदी निरुपद्रवी. इतकी दुर्मिळ, की मीही पहिल्यांदाच पाहिली."

"परत उगवेल का गं?"

"पूर्ण निघालीय, त्यामुळे सहसा नाही. जखम भरू दे, मग खुशाल वाजव."

हे ऐकोन एल्मरसाहेब गाडीच्या काचेवरील बर्फ खरवडावयाचे निमित्ते बाहेर गेले आणि काच लख्ख जाहली तरी खरवडीतच राहिले. मग बाई गाडीत जाऊन बसल्या आणि भोंगा वाजवोन हुकूम सोडिला, "रडून झालं असेल तर चल. भूक लागलीय मला."

येणेप्रमाणे गनिमाचे नाव-गाव उघड होऊन ओठाचा मुलूख मोकळा जाहला आणि फत्ते बर्नाडीनबाईंची, ऐसे दप्तरी कायम केले.