अनधिकृत पिळण्याबाबत

कोलशेतच्या एका बत्तीस मजली सोसायटीत, एकोणिसाव्या मजल्यावर, रसिका मॅडमना लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडता आलं नाही. घटना सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी घडली. त्यांचे पती, सोसायटीचे सचिव प्रशांत सर, यांनी प्रयत्न केला. शेजारचे दोघे आले, लाल होऊन परत गेले. शेवटी लादी पुसणाऱ्या सगुणाने ओला हात पदराला पुसला, झाकण फिरवलं आणि पुन्हा लादीला लागली. या शेवटच्या बाबीची इतिवृत्तात नोंद नाही.

नोंद आहे ती अशी :

"रहिवाशांच्या मुठीची ताकद चिंताजनकरीत्या घटली असून, मूठ व मनगट सक्षमीकरण उपसमिती तातडीने स्थापन करण्यात येत आहे."

डोंबिवलीहून जयेश नावाचा ट्रेनर आला. त्याच्याकडे मुठीत धरून दाबायचं एक यंत्र होतं. जितका जोर, तितके किलो. प्रशांत सरांचे एकोणीस भरले.

"टेन्शन नाय घ्यायचं सर," जयेश म्हणाला. "एकवीस दिवसांत फोरआर्म एकदम कडक."

लिफ्टशेजारी तक्ता लागला.

व्यायाम एक : ओला टॉवेल पिळणे.
व्यायाम दोन : भरलेल्या दोन बादल्या धरून चालणे.
व्यायाम तीन : घट्ट कणीक मळणे.

सगुणाने तो दोनदा वाचला. आपण अकरा वर्षं चार घरी जे करतो, ते कुणी एवढ्या छान अक्षरात लिहून काढलं, हे तिला कळेना.

"बाय, ह्ये तर मी रोजच करतंय," ती रसिका मॅडमना म्हणाली.

"तुम्ही काम करता, मावशी. हे वर्कआउट आहे."

फरक सोमवारी कळला. टॉवेल मॅडमनी तिच्या हातातून काढून घेतला. "हा राहू द्या, माझा दुसरा सेट बाकी आहे." बादल्या सरांनी उचलल्या. कणीक तिसऱ्या घरच्या आजोबांनी मागून घेतली. शुक्रवारपर्यंत चारपैकी दोन घरांनी सगुणाला 'तूर्तास नको' असं कळवलं. उरली दोन. त्या दोन घरांवर तिचं घर चालणार होतं.

मग तिला सोसायटीची नोटीस आली.

"आपण मंगळवारी सामायिक मार्गिकेत, व्यायामवर्गाच्या सदस्य नसताना, लादीचे फडके चौदा वेळा पिळल्याचे कॅमेऱ्यात दिसून आले. सदर कृती अनधिकृत व्यायाम ठरते. निर्णय होईपर्यंत आपला गेटपास स्थगित करण्यात येत आहे."

सुनावणी क्लबहाउसमध्ये झाली.

"मी व्यायाम नाय केला, साहेब. लादी पुसली."

"ते यंत्र ठरवेल," प्रशांत सर म्हणाले.

सगुणाने यंत्र घेतलं, दाबलं. काटा बावन्नवर जाऊन थरथरला.

"आयला!" यंत्र घेऊन आलेला जयेश म्हणाला. "काकी, कुठल्या जिमला जाता?"

"खाडीवर. बापाबरोबर जालं ओढायला जायची."

"जयेश, तुम्ही मध्ये बोलू नका," सर म्हणाले. "बावन्न. म्हणजे हा प्रकार बरीच वर्षं चालू आहे."

ठराव झाला. सुरक्षेच्या कारणास्तव, कोणत्याही कामवालीची ताकद सचिवांच्या ताकदीपेक्षा जास्त असू नये. सगुणाने ताकद कमी करून पंधरा दिवसांनी हजर व्हावे. अन्यथा पास कायमचा रद्द.

"कमी कशी करायची?"

रसिका मॅडमनी मायेने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "काहीच करायचं नाही, मावशी. सोपं असतं. आम्ही वर्षानुवर्षं केलंय."

सगुणा कोपरीला बहिणीकडे गेली आणि पंधरा दिवस बाजारात तिच्यासोबत सुरमया कापत बसली.

इकडे एकवीस दिवस पुरे झाले. प्रत्येकाला फ्रेम केलेलं प्रमाणपत्र मिळालं, फोटो निघाले, आणि दुसऱ्या दिवसापासून टॉवेलला कुणी हात लावला नाही. टॉवेल बाल्कन्यांतून ठिबकू लागले. खालच्यांनी वरच्यांविरुद्ध तक्रारी दिल्या. वरच्यांनी आपण प्रमाणपत्रधारक असल्याचं उत्तर दिलं. आठवडाभराने एकोणिसाव्या मजल्यावर कुबट वास सुटला.

"प्रशांत, मावशी कधी येणार?"

"नियमात बसल्या की."

"मग बसव ना!"

"यंत्राला कसं बसवू?"

दुसऱ्या सुनावणीला क्लबहाउस गच्च भरलं. अख्खी इमारत मनातल्या मनात देवाला साकडं घालून बसली होती. सगुणा शांतपणे पुढे आली.

"जयेशदादा, आता सरांचा आकडा किती?"

"वीस, काकी. एक किलो वाढला."

सगुणाने यंत्र हातात घेतलं. डोळे मिटले, ओठ आवळले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि विव्हळून "आई गं" म्हणत दाबलं.

एकोणीस.

टाळ्या वाजल्या. कुणीतरी पेढे आणले. "बघा," प्रशांत सर पासवर शिक्का मारत म्हणाले, "मनावर घेतलं की जमतं."

सगुणाने मान डोलावली. हा एक व्यायाम जयेशच्या तक्त्यात नव्हता. अकरा वर्षं चार घरी तो एकही दिवस न चुकवता झाला होता.

तुमच्याकडेही सकाळी कुणी येत असेल. त्यांच्या हातात असं यंत्र देऊन बघा. आकडा किती येईल ते आताच सांगता येतं : तुमच्यापेक्षा एकने कमी. फक्त आधी तुम्हाला दाबावं लागेल.