हुरड्याला या

उदगीरहून हैदराबाद गाडीनं पाच-सहा तासांवर. बांगड्या आणायला आज गेलेली बाई उद्या दुपारच्या भाकरीला घरात. पण सिंधुबाईंचे मालक श्रीमंतराव पडले अभ्यासू! तिकडं जायला उत्तम ऋतू कोणता, याचा त्यांचा अभ्यास लग्नापासून चालू होता, आणि लग्नाला आता बावीस वर्षं झाली होती.

उन्हाळ्यात म्हणायचे, "भाजून निघशील तिथं." जसं काही मे महिन्यात उदगीरला बर्फ पडतो! पावसाळ्यात टीव्हीवर तिथल्या एखाद्या रस्त्यावर पाणी दिसलं की बोट दाखवायचे, "बघ, वाचलीस." दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची रास. आणि हिवाळ्यात यांना सर्दी व्हायची. तीही नेमकी, सिंधुबाईंनी तिकिटाचं नाव काढलं की.

यंदा मात्र सिंधुबाईंनी पदर खोचला. धाकटी बहीण राजकन्या चौदा वर्षं हैदराबादेत होती. तिच्या नवऱ्याची, दयानंदरावांची, मार्चमध्ये नागपूरला बदली ठरली होती. एकदा त्यांनी क्वार्टर सोडलं की तिथं जाऊन उतरायचं कुणाकडं?

"या हिवाळ्यात न्हाई तर मग कधीच न्हाई," सिंधुबाई म्हणाल्या. "चारमिनार मी जलमभर बांगड्याच्या डब्यावरच बघायचा का?"

"अगं, मी काय रिकामा बसून राहिलो का? अभ्यासच करून राहिलो की!"

मग आठ दिवस मोबाइलमध्ये डोकं खुपसून झालं. पारा किती, धुकं किती, वारा कुठला. कचेरीसमोरच्या टपरीवर चर्चा झडल्या. शेवटी निकाल लागला: जानेवारीचा दुसरा आठवडा. शेजारच्या मल्लम्माला शाळेची पायरी न चढता जे ठाऊक होतं, ते या शहाण्याला बावीस वर्षांनी कळलं. पण तिकिटं काढली, दोन. सिंधुबाईंनी ती तीनदा हातात घेऊन बघितली.

हैदराबादला कळवायचं काम श्रीमंतरावांनी हट्टानं स्वतःकडं घेतलं. सिंधुबाई भाकरी थापता थापता ऐकत होत्या.

"हां, दयानंदराव! जानेवारीचा दुसरा आठवडा. गुरुवार. एकदम बेस्ट हवा बगा, ना ऊन ना पाऊस. मी सगळं बघून ठेवलंय... हाव, हाव. बरं मग, हुरड्याला या!"

आता हे शेवटचं वाक्य. आपल्याकडं थंडीत 'हुरड्याला या' म्हटल्याशिवाय माणसाचं बोट फोनच्या लाल बटणावर जातच नाही. म्हणणारा मनापासून म्हणत नाही, ऐकणारा मनावर घेत नाही, आणि शेतातली ज्वारी सुखानं उभी राहते. पण चौदा वर्षं हैदराबादेत राहून दयानंदराव ही रीत विसरले होते.

"आपुन येऊन राहिलो, हे सांगितलंत का पण?" सिंधुबाईंनी विचारलं.

"सगळं फोडून सांगायला ते काय लहान लेकरं हायत? समजतंय त्यायला."

गुरुवार उजाडला. अकराची गाडी. धपाटे बांधले, पिशव्या दारात आल्या. श्रीमंतराव कानटोपी घालून रिक्षाची वाट बघत उभे होते, तर समोर दोन मोठ्या गाड्याच येऊन थांबल्या. आतून राजकन्या उतरली, दयानंदराव उतरले आणि मागोमाग त्यांच्या क्वार्टरमधले शेजारी, लेकराबाळांसकट एकूण अकरा माणसं.

"दाजी, तुमी म्हनला तसं गुरुवारीच आलो बगा!" राजकन्या म्हणाली. "या लोकायनं हुरडा कधी बघितलाच न्हाई. रात्री तीनला उठून निघालो."

सिंधुबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. श्रीमंतरावांनी घसा खाकरला. गप्प बसले असते तर निभावलं असतं, पण अभ्यासू माणूस गप्प कसला बसतोय!

"तिकिटं रद्द करू," ते हळूच म्हणाले. "तसं बारकाईनं बघितलं तर, सिंधु, फेब्रुवारीच खरा चांगला."

सिंधुबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आग लागो त्या फेब्रुवारीला!

"राजे, तुझ्या घराची किल्ली दे."

"किल्ली कशाला, अक्का? मीच चलते की. मला धुरानं ठसका लागतोय. हुरडा ह्यायलाच पायजे होता."

"अगं, पण हे पाहुणे?" श्रीमंतराव कळवळले.

"बलावले कोनी?"

"ते... म्हणायचं म्हणून म्हणलो."

"मग घालायचं म्हणून घाला खायाला. विळा दाराच्या मागं हाय, गूळ डब्यात हाय, चटणी कुटून घ्या." तेवढ्यात रिक्षा आली. सिंधुबाई पिशवी घेऊन बसल्या, शेजारी राजकन्या. धपाटेही त्यांनी नवऱ्यासाठी ठेवले नाहीत.

दिवेलागणीला फोन आला तेव्हा सिंधुबाई चारमिनारच्या खालच्या बाजारात स्टुलावर बसल्या होत्या आणि बांगडीवाला त्यांच्या हातात हिरवी बांगडी चढवत होता. पलीकडून आधी खोकलाच ऐकू आला.

"आगटी फुंकून फुंकून डोळे गेले गं माझे. कणसं मळून हाताची सालटी निघाली. अन् ही मानसं अजून मागूनच राहिलीत!" मग श्रीमंतरावांचा आवाज जरा सावरला. "बरं, हवा कशी हाय तिथली? मी म्हणलो तशीच हाय ना?"

"हवा? ती बघायला कुनाला वेळ हाय?"

"मग... उद्या मी पण येऊ का?"

बांगडी मनगटावर आली. सिंधुबाईंनी हात दिव्याखाली धरून नीट बघितला.

"या की कधी तरी," त्या म्हणाल्या. "सावकाश, चांगला सीझन बघून."

आणि त्यांचं बोट अलगद लाल बटणावर गेलं.