नानांचं टिंग टिंग

आमच्या शेजारच्या नानांबरोबर तुम्ही कुठेही फिरायला जा, तिथली जी एक गोष्ट पाहायला आख्खं जग येतं ती सोडून बाकी सगळं तुम्हाला नीट पाहायला मिळेल. चपलांचा स्टँड, उसाच्या रसाची गाडी, तिकिटाची खिडकी, सगळं. मुख्य गोष्ट चार पावलांवर आली की मागून आवाज येणार, "टिंग टिंग!"

नाना जन्मभर बसवर कंडक्टर. कंडक्टरने दोनदा घंटा दिली की गाडी सुटते, हे तुम्हाला माहीत असेलच. निवृत्तीनंतर खाकी कपडे बोहारणीकडे गेले, घंटा मात्र नानांच्या तोंडात राहिली. टिंग टिंग म्हटलं की नाना वळलेच. पाठोपाठ अक्का, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, मुकाट्याने पिशवी उचलतात आणि निघतात. या बाईने कधी एका शब्दाने तक्रार केली असती तर माझं अर्धं डोकं शांत झालं असतं.

देवपुरात आमच्या आळीत गाडी माझ्याकडे आहे, ही माझी चूक. नाना सकाळी दारात उभे राहतात. "भाऊ, ऐतवारले काय करी ऱ्हायनात?" मी काही थाप मारायच्या आत माझी बायको वैशाली आतून ओरडते, "काही नाही, नाना, घरीच आहेत!" अक्का कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून आणतात, त्यासाठी ही मला कुठेही विकायला तयार असते.

अजिंठ्याला गेलो होतो. मे महिना. एकेक लेणं करत, घामाने निथळत, आम्ही शेवटाला आलो. आत पहुडलेल्या बुद्धाची ती प्रचंड मूर्ती. मी पायरीवर पाय ठेवला.

"टिंग टिंग!"

"नाना, अहो, हेच तर पाहायला आलो आपण!"

"निजेल शेतस ना त्या? निजू द्या," नाना म्हणाले. "ऱ्हाऊ द्या बाकी. पुढला खेपले देखू."

मी एकटा आत जाऊन आलो असतो, पण चारजणांत एकाने हट्ट करायचा नाही असे माझे संस्कार. ते संस्कार करणाऱ्यांना नाना भेटले नव्हते.

समुद्राला मात्र कहर झाला. अक्कांनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. दिवसभर गाडी हाकून मी सगळ्यांना कोकणात नेलं. पाठीचं पार भुसकट झालं. अक्का वाळूत उतरल्या, पाहतच राहिल्या. मग हळूच चपला काढल्या, लुगडं जरा वर खोचलं, आणि लाट पायाशी येणार एवढ्यात...

मी त्या दिवशी नानांवर ओरडलो. वयाचा मान वगैरे सगळं विसरून ओरडलो. "पाय तरी भिजवू द्या हो त्यांना! समुद्र काय पाच वाजता बंद होतो?"

"समुद्र कोठे पळी जाई, भाऊ?" नाना शांतपणे म्हणाले. अक्कांनी चपला घातल्या, पिशवी उचलली.

घरी आल्यावर मी जाहीर केलं, गाडीचा क्लच गेला आहे. नाना दर रविवारी क्लचची चौकशी करायचे. मी सांगायचो, पार्ट मिळत नाही.

थंडीत अक्कांचं पोटाचं ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं, टाके भरले, डॉक्टर म्हणाले चालायला लागा. पण अक्का काही खाटेवरून उठेनात. आम्ही भेटायला गेलो तर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. वैशालीने कपाळावर हात ठेवला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मन्हं बठ्ठं व्हई गयं, पोरी. आते काय ऱ्हायनं?" सगळं करून झालं, आता काही उरलं नाही म्हणे.

नाना मला ओट्यावर घेऊन गेले. इतका घाबरलेला माणूस मी पाहिला नव्हता.

"पोरनं लगीन व्हयनं तवय बी असंच बोलनी व्हती," ते म्हणाले. एकुलती एक मुलगी सासरी गेली, पाहुणे पांगले, आणि अक्का याच ओट्यावर बसल्या त्या बसल्याच. बठ्ठं व्हई गयं, याखेरीज शब्द नाही. दिवाळी आली तरी तेच. शेवटी नानांनी त्यांना रिक्षात घालून गावातलंच संग्रहालय दाखवायला नेलं. तिथे बंद व्हायची वेळ झाली आणि शेवटची खोली पाहायची राहिली. घरी आल्यावर अक्का आपणहून बोलल्या, "ती एक खोली ऱ्हायनी ना आपली."

"कितला दिवसमा बोलनी ती, भाऊ!" नाना म्हणाले. "तवयपासून मी बठ्ठं देखूच देत नहीं."

नाना आत गेले, खाटेच्या पायथ्याशी बसले आणि कंडक्टर पुढचे थांबे सांगतो तसं म्हणू लागले. "ऱ्हायनं कसं नहीं? संग्रहालयनी खोली ऱ्हायनी. अजिंठाले देव निजेल शेतस, त्या ऱ्हायनात. समुद्र ऱ्हायना. पाय कोठे घाला तू पानीमा?"

अक्का एकदम वळल्या. "तुम्हीच घालू दिन्हा नहीं!"

केवढ्या रागाने म्हणाल्या! टाक्यांचा विचार न करता कोपरावर उठल्यासुद्धा. नाना हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही.

"क्लच आला," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

होळी झाल्यावर गेलो. तोच रस्ता, तीच पाठदुखी, गाडीत ठेचा सांडला तो वेगळाच. अक्का वाळूत उतरल्या. नाना लांब उभे, तोंड घट्ट मिटून. आज काही म्हणणार नाही अशी त्यांनी वैशालीजवळ शपथ घेतली होती. अक्कांनी चपला काढल्या आणि येणाऱ्या लाटेत एक पाय ठेवला. पाणी घोट्यावरून गेलं. लहान मुलीसारख्या हसल्या. दुसरा पाय मात्र कोरड्या वाळूवरच.

"अक्का, ठेवा की दुसराही!" मी वैतागून ओरडलो.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. नानांकडे पाहत म्हणाल्या, "हाऊ पाय पुढला खेपले."

त्यांनी चपला हातात घेतल्या, पिशवी उचलली आणि थांबल्या. नानांनी तोंड उघडलं, शपथ आठवून वैशालीकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. मग ते टिंग टिंग मीच केलं.