हातवर मॅडम

त्या दिवशी वर्गात कोन कोन व्हतं ते आधी सांगून टाकते, म्हंजे मागून कुनी बोलायला नको की म्हातारीनं वाढवून सांगितलं. कमिटीचे मोठे साहेब व्हते. त्यांच्यासंगं एक चष्म्यावाल्या बाई व्हत्या, पुन्याच्या. आमचे प्रिन्सिपल सर व्हते. वैजयंती मॅडम व्हत्या. वर्गातल्या नऊ पोरी, त्यात माझी नात मनीषा आन तिची मैत्रीन रुखसाना. आन मी, हिराबाय, कॉलेजात झाडू मारते ती. आन मॅडम सोडून ही सगळी मानसं, साहेबासकट, दोन्ही हात वर करून उभी व्हती. पोलिसानं धरल्यावानी.

कारन मॅडम बोलल्या व्हत्या, "हात वर!"

वैजयंती मॅडमचं ते नेहमीचंच. दुसरी मानसं भेटली की रामराम करतात, जेवलात का इचारतात. मॅडम बोलतात, "हात वर." एस्टी स्टँडवर भेटा, बाजारात कोलंबीच्या पाटीपाशी भेटा, लग्नात आहेराच्या रांगेत भेटा. तुम्ही हात वर केला की त्या तुमच्या काखेत बघनार, शिवन कुठं तानली ते बघनार, "हं" बोलनार, वहीत लिवनार आन चालू लागनार. एकदा मयताच्या घरी गेल्या तवा मी आधीच त्यांची ओढनी धरून बोलली, "मॅडम, इथं नको." तं बोलल्या, "मी काही म्हणाले का?" न्हाय बोलल्या. पन छाती बडवून रडनाऱ्या बायांच्या काखा तेवढ्या एक एक करून बघून घेतल्या.

आमच्या कॉलेजावर कम्युनिटी कॉलेज म्हनून बोर्ड हाय. ज्या पोरींचं शिकनं मधीच सुटलं त्यांच्यासाठी ते काढलंय. त्यात फॅशनचा एक वर्ग. मॅडम यायच्या आधी त्या वर्गात भिंतीवर बायांची चित्रं व्हती. उंच, बारीक, आन तोंडच न्हाय. मी झाडू मारता मारता बघायची आन बोलायची, बिचारीला तोंड न्हाय, जेवनार कुठनं, म्हनून बारीक झाली. पोरी तशा बायांचे गाऊन काढायच्या, रंगवायच्या, परीक्षेपुरता एक शिवून पास व्हायच्या आन घरी जाऊन साडीला फॉल लावत बसायच्या. गावातली एक बाय त्यांच्याकडं ब्लाऊज टाकायची न्हाय.

मंग वरून पत्र आलं. कमिटी येनार, वर्ग बघनार. शिकून पोरींना काम मिळत नसंल तं वर्ग बंद.

माझा लेक ट्रेलर चालवतो. तो बोलला, "आये, वर्ग बंद झाला की मनीला गोडावनात लावतो. खोकी भरंल." त्याचं काय चुकलं न्हाय, घर चालवायचं त्यालाच. पन मी आख्खं आयुष्य मिठागरात उभी राहिलेली बाई हाय. उभं राहून पोट भरनं काय असतं ते माझ्या टाचांना म्हायती. माझ्या नातीनं बसून काम करावं, येवढंच माझं मागनं व्हतं. त्यासाठी वर्ग राहायला पायजे व्हता.

प्रिन्सिपल सरांनी तवाच वैजयंती मॅडमला आनलं. त्या मुंबईकडच्या कंपनीत बाहेरदेशी जानारे शर्ट तपासायच्या, वीस-बावीस वर्सं. अंगात गोनपाटावानी ढगळ कमीज, गळ्यात टेप, हातात वही. आल्या त्या दिवशी वर्गात गेल्याच न्हायत. गावात शिरल्या आन सरळ माझ्या शेजारच्या शेवंतीच्या अंगनात जाऊन तिच्या दोरीवरचा ब्लाऊज उलटा करून बघाय लागल्या. शेवंती घरातून वरडत आली.

"ओ बाई! दोरीवरचं काय काढता?"

"काढत नाही. उलटं करते."

"का? आमच्या कपड्यांनी काय पाप केलं?"

"उजव्या काखेत फाटलाय."

"मंग? तुमच्या बापाचं काय जातं?"

"डाव्या काखेत का नाही फाटला?"

शेवंती दोरीपाशी आली. तिनं कवा बघितलंच न्हवतं. दुसरा ब्लाऊज काढून बघितला, तोबी उजवीकडंच. तिसराबी तसाच. मंग बोलली, "बसा. चा टाकते."

आठ दिवस मॅडम गावातल्या दोऱ्या बघत फिरल्या. कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. मंग वर्गात येऊन त्या बिनतोंडाच्या बाया भिंतीवरून उतरवल्या, वहीची पानं चिटकवली आन पोरींना इचारलं, "सगळीकडे उजवी काख. का?"

पोरी बोलल्या, कापड हलकं असंल. धागा कच्चा असंल. टेलर चोर असंल.

मी फरशी पुसत व्हती. ऱ्हावलं न्हाय. "उजव्या हातानं पाटी उतरवतात म्हनून."

मॅडम फिरल्या. "अजून?"

"एस्टीचा दांडा धरतात. चिंचा पाडतात. पोराला मारायला हात उगारतात. नवऱ्यालाबी, पन तो जरा कमी वर."

पोरी हसल्या. मॅडम न्हाय हसल्या. बोलल्या, "मावशी, फडकं ठेवा. इकडे या. हात वर."

मी हात वर केला, पन डाव्या हातानं पदर काखेवर दाबून. सवय हो. मिठागरात बारा-तेरा वर्साची गेली. डोक्यावर मिठाची पाटी, उजवा हात वर, पाटीतलं खारं पानी त्याच काखेत गळायचं. नवीन ब्लाऊज दोन महिन्यांत कुजून उसवायचा. मी गोनीच्या सुतळीचा धागा सोडवून टाके घालायची, ते काखेत काचायचे, परत फाटायचा. माझे मालक, मनीचा आजा, गेले तवा लेक रांगत व्हता. ब्लाऊज कोन बघतो. पन लाज असते ना. म्हनून तवापासून मी चारचौघात हात वर केला न्हाय. केला तं पदर दाबून.

मॅडमनी माझा पदर हळू बाजूला केला. खांदे बघितले. टेप लावला, वहीत लिवलं. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली, उजवा दंड जाडा. पाटीनं केलेलं. मंग पोरींकडं बघून बोलल्या, "बघा. हा आपला सिलॅबस."

मला वाटलं काय तरी आजार निघाला.

त्या दिवसापासून वर्गातला कपडे चढवून बघायचा गोरा पुतळा दाराशी गेला. मी त्याच्यावर फडकी वाळत घालाय लागली. पुतळ्याच्या जागी मी उभी. पोरी माझं माप घेनार, कापनार, शिवनार, मॅडम "हात वर" बोलनार, मी हात वर केला की टर्र. मॅडम बोलनार, "उसव." परत. परत "उसव." कपाट उसवलेल्या ब्लाऊजांनी भरलं.

तिसऱ्या आठवड्यात मनीषा रडली. "मॅडम, आम्हाला फॅशन शिकायचीय. आजीचे ब्लाऊज किती दिवस शिवायचे? लोक हसतात आम्हाला."

मॅडमनी तिला समजावलं न्हाय. बोलल्या, "तू गेल्या वर्षी पास झालीस तो गाऊन आण." तिनं आनला, निळा, चमकीचा. "घाल." घातला. मॅडमनी माळ्याकडून ओल्या रेतीची पाटी आनली. "घे डोक्यावर. मैदानाला एक फेरी."

अर्ध्या फेरीत बाही लोंबाय लागली. मनीषा पाटी ठेवून तिथंच फतकल मारून बसली आन रडता रडता हसाय लागली. आत येऊन सोताच कात्री घेतली. मॅडम "उसव" बोलायच्या आधी.

पाचव्या की सहाव्या आठवड्यात पोरींनी उजवी बाजू निराळी कापली, डावी निराळी. काखेत चौकोनी तुकडा घातला. बाहेरून काय दिसत न्हाय. मी हात वर केला. पोरी कान लावून. कायच आवाज आला न्हाय. अजून वर केला. वरच्या पंख्याला लागंल येवढा केला.

त्या महिन्यात भाचीच्या लेकीची हळद व्हती. मी दोन्ही हात वर करून नाचली. बाया बोलल्या, हिराबायच्या अंगात आलं काय! सत्तरीला आलेल्या बाईला असा दिवस दिसला, हे मी मॅडमचं देनं मानते. तोंडानं कवा बोलली न्हाय. आमच्यात तसं बोलत न्हायत.

मंग आली कमिटी. साहेबांनी ब्लाऊज बघितले, नाकावर चष्मा सरकवला. "मॅडम, हे सगळं ठीक आहे. पण याच्यात फॅशन कुठे आहे?"

प्रिन्सिपल सर घामानं भिजले. मी मनीकडं बघितलं. मला गोडावनाचा दरवाजाच दिसाय लागला.

मॅडम उठल्या. आन बोलल्या ते मी वर सांगितलंच. आवाज असा की साहेबांचे हात आपोआप वर गेले.

साहेबांचा शर्ट प्यांटीतून बाहेर आला, पोटावरचं बटन तुटलं आन टुनटुन करत कपाटाखाली गेलं. आन त्याच टायमाला त्या पुन्याच्या बाईंच्या कुडत्यातून आवाज आला. टर्र.

सगळ्यांचे हात तसेच वर.

"उजवीकडे ना?" मॅडमनी इचारलं.

बाई हळूच बोलल्या, "हो."

"एस्टीचा दांडा?"

"नाही. फळा. तीस वर्षं फळ्यावर लिहितेय."

मनीषा पुढं झाली. "बाई, द्या इकडं." बाईंना मी सामानाच्या खोलीत नेलं, माझी धुतलेली चादर दिली गुंडाळायला. बाहेर मशीन चालल्याचा आवाज. बाई मला बोलल्या, "आजी, माझे सगळेच कुडते इथे फाटतात. मला वाटायचं मी जाड झाले." मी बोलली, "जाड न्हाय ओ, तुम्ही कामाच्या झाल्या."

चा उकळंपर्यंत कुडता तयार. बाईंनी घातला आन कुनी न सांगता हात वर केला. एकदा, दोनदा, तीनदा. फळ्यापाशी जाऊन अगदी वरच्या कोपऱ्यात खडूनं रेघ मारली. तिकडं रुखसाना साहेबांचं बटन लावत व्हती, अंगातला शर्ट न काढताच. "साहेब, पोट आत घ्या. अजून थोडं. बोलू नका, सुई हाय." साहेब बोलले न्हायत. तेवढा वेळ बाईच बोलल्या, आमच्या वर्गाच्या बाजूनं.

शेवटी एक वर्स मिळालं. बंद न्हाय, पक्कंबी न्हाय. पुढच्या टायमाला येऊ तवा पोरींकडं गावातली गिऱ्हाइकं दिसली पायजेत, असं बोलून गाडी गेली.

पोरींनी नुसता कालवा केला. मंग रुखसाना बोलली, "मॅडम, आता तुमचं माप. पैला चांगला ड्रेस तुमचा शिवनार."

मॅडम मागं सरकल्या. "माझं नको. माझं मी घेते."

"पाठीचं कसं घेता?"

"अंदाजे."

पोरी ऐकतात काय. टेप काढून घेतला, त्यांना माझ्या जागेवर उभं केलं. आख्ख्या गावाला टेप लावनारी बाई, सोताला लावायचा म्हटल्यावर लाकडावानी ताठ झाली. मनीषानं पाठीवर टेप धरला, एका खांद्यापासनं दुसऱ्या खांद्यापर्यंत तळहात फिरवून सपाट केला. मॅडमनी डोळे मिटले.

"झालं मॅडम."

मॅडम तशाच उभ्या. मंग बोलल्या, "परत घे. एकदा घेतलेलं माप खरं नसतं."

मनीनं परत घेतलं. तेवढंच आलं.

"अजून एकदा."

मनीनं माझ्याकडं बघितलं. मला कळलं. मालक गेल्यावर माझ्या पाठीलाबी कुनाचा हात लागला न्हवता, लेक मोठा होऊन गळ्यात पडंपर्यंत. मॅडमच्या खोलीवर तं एक खुर्ची हाय आन एकच ताट. मी मनीला मानेनं खुनावलं. पोरगी शानी. तिनं टेप सोडला न्हाय. पाठीचं माप सावकाश घेत ऱ्हायली, तोंडानं आकडा बोलत, परत पुसून परत लिवत. रुखसानाबी आली, खांद्याचं घ्याय लागली. मंग बाकीच्या. नऊ पोरी, एक बाय, आन सगळे आकडे तेच.

मी बाहेर जाऊन पायरी झाडली. ती सकाळीच झाडलेली व्हती.

मी दुसरी शिकलेली, हे मनीषाकडून लिवून घेतलंय. वाचनाऱ्याला येवढंच सांगनं. वर्साला आता सात महिने उरलेत. माझ्या एकटीच्या अंगावर शिकून पोरींना फकस्त माझंच अंग कळतं. त्यांना दुसरी अंगं पायजेत. जाडी, वाकडी, बाळंतीन, एका हातानं काम करनारी, कशीबी. दर बुधवारी सकाळी वर्ग उघडा असतो. तुम्ही या, माप देऊन जा. आपल्या शेजारनीलाबी घेऊन या.