आठव्या आठवड्यातली भूक

भूक पोटाला लागत नाही, मेंदूला लागते, हे शासनाने १९७९ साली तत्त्वतः मान्य केले. (पोटाकडे फक्त अंमलबजावणी.) मेंदूतला एक हार्मोन म्हणतो खा, दुसरा म्हणतो पुरे, आणि कोंबडी वाढते तसे कोणाचे किती चालते, हे बदलत जाते. नेमके किती, हे शोधायला कोल्हापूरच्या एका कुक्कुट केंद्रात श्यामलाबाईंची नेमणूक झाली. दोन, चार, सहा आणि आठ आठवड्यांच्या कोंबड्यांचे मेंदू तपासायचे. चारही आकडे मिळाले तर डॉक्टरेट, नाहीतर तीन वर्षे पाण्यात.

केंद्रावर एक पाहणी समिती होती, अत्यंत कर्तव्यदक्ष. दोन आठवड्यांच्या पिल्लांकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही (शास्त्रात ढवळाढवळ नको). चौथ्या आठवड्यात एक सभासद आला, सहाव्यात नऊ, सातव्यात जीप पुरेना. कोंबडीची प्रकृती ताटात अधिक स्पष्ट दिसते, असा समितीचा अनुभव होता. त्यामुळे पाहणी पांढऱ्या रश्शासकट सविस्तर होई आणि आठव्या आठवड्यापर्यंत एकही कोंबडी पोचत नसे. तीन तुकड्या अशा संपल्यावर केंद्राच्या साहेबांनी अहवालात लिहिले: सात आठवड्यांनंतर कोंबडीची भूक शून्य होते.

श्यामलाबाई रडकुंडीला आल्या. शिपाई जोतीरामने चौथ्या तुकडीतली एक कोंबडी पिशवीत घालून त्यांच्या हातात दिली.

"बाई, ही घरी न्या की. तुमच्यात कोण खात न्हाय. तितंच जगंल ती."

घरी प्रमोदिनीबाईंनी, म्हणजे श्यामलाबाईंच्या आईने, आधी कपाळाला हात लावला. दोन दिवस गोमूत्र शिंपडले. तिसऱ्या दिवशी दूधभात कालवला (ही नोंद प्रबंधात नाही). आठवड्याभरात कोंबडी त्यांच्या मांडीवर बसून दाणे टिपू लागली.

छप्पन्नाव्या दिवशी श्यामलाबाई सुरी घेऊन आल्या. आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "समितीनं निदान खाल्लं तरी असतं गं तिला."

श्यामलाबाईंनी तिच्या मांडीवरची कोंबडी उचलली. आकडा अचूक आला आणि डॉक्टरेट मिळाली.

डोके सोडून उरलेल्या कोंबडीचे पुढे काय झाले, याची नोंद नाही. ती चौकशी आजवर एकशे बारा लोकांनी केली. आठव्या आठवड्यात कोंबडीला भूक किती लागते, हे मात्र एकानेही विचारले नाही. आपणही नाही.