आठ कुंड्या आणि एक मिशी

"आठ दिवसांत माझा धंदा बुडाला नाही, तर ही मिशी उतरवीन!" बूटवाल्यांनी दुकानदारांच्या भर सभेत जाहीर केलं आणि टाळ्यांच्या कडकडाटात खाली बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की मिशी तेवीस वर्षांची आहे. लग्नाच्या फोटोतसुद्धा बायकोच्या आधी मिशीच दिसते.

भांडण होतं नगरपालिकेशी. बाजारातून आरपार जाणाऱ्या गाड्या धूर सोडतात, हॉर्न वाजवतात आणि कुणाकडे न थांबता निघून जातात. तेव्हा त्यांना गावाबाहेरच्या रस्त्याने पाठवायचं, बाजाराच्या दोन्ही तोंडांना सिमेंटच्या चार-चार कुंड्या ठेवायच्या, तिथपर्यंत छोटी बस, आणि आत माणसांनी चालायचं नाहीतर सायकल हाणायची, असा बेत होता. आठ दिवसांची चाचणी. चालली तर कायम.

"अहो, तुम्ही बूट विकता ना?" बायकोने घरी विचारलं. "मग लोक चालले तर तुमच्या पोटात का दुखतं?"

"तुला धंद्यातलं काय कळतंय?" बूटवाले म्हणाले. उत्तर सापडलं नाही की ते हेच विचारत.

चाचणीच्या सकाळी ते सातलाच गाडी घेऊन बाजारात आले आणि दुकानासमोरच्या आपल्या ठरलेल्या जागी उभी केली. चौदा वर्षं त्या जागी त्यांनी गिऱ्हाइकालासुद्धा गाडी लावू दिली नव्हती. मग मागच्या खोलीत बसून त्यांनी मोठ्ठी पाटी रंगवली : 'धंदा बुडाला'. अजून बुडायचा होता, पण रंग वाळायला वेळ लागतो.

पाटी घेऊन बाहेर येतात तर दोन्ही तोंडांना कुंड्या बसलेल्या, त्यात काठोकाठ माती, मातीत फुलं. क्रेन निघून गेलेली.

"माझी गाडी आत आहे!" बूटवाले ओरडत धावले.

नगरपालिकेची इंजिनियर बाई वही घेऊन उभी होती. वयाने त्यांच्या पुतणीएवढी. "काका, क्रेन आता पुढच्या रविवारी. आठच्या आत गाड्या काढा, अशी नोटीस दिली होती ना?"

"कुठे दिली?"

"तुमच्याच शटरवर चिकटवली होती. त्यावर तुम्ही 'जाहीर निषेध' चिकटवलात."

शेजारचा सलूनवाला खो खो हसला. निषेध चिकटवायला खळ त्यानेच दिली होती.

संध्याकाळी बूटवाले पायी निघाले. दुकानातले कोरे, करकरीत, सगळ्यात भारीतले बूट पायात. घर अकरा मिनिटांत आलं. गाडीने गर्दीतून यायला त्यांना पंचवीस लागत. ही गोष्ट त्यांना आवडली नाही, म्हणून त्यांनी घड्याळ हलवून बघितलं. आत येऊन बूट काढले तर दोन्ही टाचांना लिंबाएवढे फोड.

"चावले वाटतं," बायको म्हणाली. "काही नाही हो. वापरून वापरून सैल होतात."

हे वाक्य बूटवाले वीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आले होते. ते आपल्याला कुणी ऐकवलं की कसं लागतं, ते त्यांना पहिल्यांदाच कळलं.

दुसऱ्या दिवशी लंगडत दुकानात येऊन त्यांनी माळा धुंडाळला. तिथे मऊ तळव्यांचे, दिसायला ध्यान असे चालायचे बूट कैक वर्षं धूळ खात पडले होते. एक जोड झटकून पायात घातला. टाचा 'हुश्श' म्हणाल्या. बूटवाले खुशीत बाजारभर दोन चकरा मारून आले.

"काका, हे कुठून घेतले हो?" एका बाईंनी वाटेतच गाठलं. "बसपासून चालत आले, पाय भरून आलेत नुसते."

"असे आहेत आपल्याकडे," बूटवाले बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. मिशी!

पण माणसं यायला लागली, ती लागलीच. धूर नाही, हॉर्न नाही. लोक रमतगमत फिरत होते, काचेतून डोकावत होते. शुक्रवारपर्यंत दुकानातले स्टूल पुरेनात. गिऱ्हाइकं बाहेरच्या गाडीची दारं उघडून मागच्या सीटवर बसून बूट घालून बघू लागली. दुकानावर 'धंदा बुडाला'ची पाटी, आणि पाटीखाली ही झुंबड! एका आजोबांनी तर डोळ्यांत पाणी आणून बूटवाल्यांचा हात धरला. "एवढं वाईट चाललंय होय? मग दोन जोड द्या."

तेवढ्यात समोरून वही येताना दिसली.

"वाका! सगळे वाका!" बूटवाल्यांनी दुकानातलीही गिऱ्हाइकं गाडीत कोंबली आणि दारं लावली. "दोन मिनिटं. तुम्हाला मोजे फुकट!"

इंजिनियर बाईने दुकानात डोकावून बघितलं. रिकामं. मग गाडीत डोकावली. आत सहा जण एकमेकांच्या मांडीवर वाकून बसलेले.

"हे कोण?"

"पाहुणे. बायकोच्या माहेरचे."

"एकेक बूट घालून आलेत?"

"घाईत निघाले."

"मोजे कधी मिळणार?" सीटखालून आवाज आला.

बाईने वहीत काहीतरी लिहिलं. "काका, मिशी छान दिसते हो तुम्हाला," असं म्हणून ती पुढे गेली. ही थट्टा होती की निरोप, याचा विचार करत बूटवाल्यांनी ती रात्र काढली.

रविवारी दुकान उघडून त्यांनी बायकोला गल्ल्यावर बसवलं आणि स्वतः सलूनची पायरी चढले. शब्द म्हणजे शब्द.

"नंबर लावा," सलूनवाला मान वर न करता म्हणाला.

"अरे, नुसती मिशी तर काढायचीय!"

"पुढे पाच जण आहेत. लोक फिरायला येतात, आरशात बघतात आणि आत शिरतात. हात दुखून आले राव. पण सभेत कुणाला सांगू नका हां. मीही 'बुडालो' म्हणूनच सांगितलंय."

तासाभराने बूटवाले बाहेर आले. ओठावर वारा लागत होता. सवयीने ताव मारायला हात वर गेला आणि नाक खाजवून परत आला. कोपऱ्यावर क्रेन येऊन उभी होती. त्यांच्या गाडीत एक कुटुंबच्या कुटुंब बूट घालून बघत होतं.

"ओ भाऊ," क्रेनवाल्याने त्यांनाच हटकलं, "ही गाडी कुणाची? मिशीवाले काका म्हणून आहेत म्हणे. त्यांची गाडी बाहेर काढायला कुंडी उचलायचीय."

क्रेनमागे वही घेऊन इंजिनियर बाई उभी होती. तिने बूटवाल्यांकडे एकदा बघितलं, त्यांच्या ओठाकडे दोनदा, आणि ती घाईघाईने एका कुंडीतली फुलं मोजायला लागली.

बूटवाल्यांनी खिशातली किल्ली वाजू नये म्हणून मुठीत घट्ट धरली.

"मिशीवाले ना? ते आत्ताच पायी गेले. जाताना म्हणाले, राहू दे गाडी तिथेच. गिऱ्हाइकांना बसायला होते."