मावशीच्या कानावरचे हेडफोन

मावशीची दाढ वाचवण्यात मावशीपेक्षा डॉक्टरांचाच फायदा जास्त होता. ड्रिलचा आवाज ऐकून ती दोनदा खुर्चीतून उठून गळ्यातल्या नॅपकिनसकट घरी गेली होती. तिसऱ्यांदा पळाली, तर दाढ उपटावी लागणार आणि जन्मभर प्रत्येक घासाला या डॉक्टर भाच्याचा उद्धार होणार. त्यापेक्षा तिच्या कानात गाणी घालावीत, असं डॉक्टरांनी ठरवलं आणि ड्रिलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ते म्युझिक प्लेअर घ्यायला निघाले.

“हा बघा, हजारो गाणी मावतात,” दुकानदार म्हणाला.

“मावू देत. आधी हेडफोन घाला तुम्ही.” डॉक्टरांनी त्याच्या कानाशी मोबाइलवरचं ड्रिल सुरू केलं. “येतंय ऐकू?”

“ऐकू कसलं, दातात जातंय साहेब!” दुकानदाराने गाल धरला.

दुसऱ्या प्लेअरमध्ये ते पुसट आलं. तोवर दुकानातली दोन गिऱ्हाइकं काढता पाय घेऊन मोकळी झाली होती. तिसऱ्याच्या हेडफोनला मात्र उशीएवढ्या गाद्या होत्या.

“येतंय? अहो, येतंय का?”

दुकानदार डोळे मिटून डोलत राहिला.

“हाच बांधून द्या!” डॉक्टर म्हणाले. तेही त्याला ऐकू गेलं नाही.

संध्याकाळी मावशी खुर्चीत बसली. ड्रिल सुरू झालं, तरी हूं नाही की चूं नाही. डॉक्टर मनातल्या मनात पेढे वाटत होते, तेवढ्यात तिने तोंड मिटलं.

“मावशी, आ कर.”

मावशी तल्लीन. हेडफोन उचलायला गेलं, की फटकन हातावर चापट. शेवटी डॉक्टरांनी आवाज चढवला.

“आ कर! अजून! अगं, हलू नकोस, नस लागेल! रक्त गिळू नकोस, थुंक!”

बाहेर बाकावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. काउंटरवर बसलेली डॉक्टरांची बहीण घाईघाईने म्हणाली, “घरचं माणूस आहे हो, म्हणून एवढ्या आपुलकीने बोलतोय.”

“घरच्यांचं असं, तर आमचं काय करतील?” म्हणत एक बाई उठल्या. त्यांच्यामागे आणखी दोघे उठले. शेवटच्या गृहस्थांनी “संपलं गं मावशी, सगळं संपलं!” एवढं ऐकलं आणि चपला हातात घेऊनच जिना गाठला.

मावशी हसत बाहेर आली. “काही कळलंसुद्धा नाही बाई! उगाच घाबरत होते. पण बाहेर कोणीच कसं नाही?”

डॉक्टरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आवाजच फुटेना.

घसा गेला तो डॉक्टरांचा, पेशंट गेले तेही डॉक्टरांचेच, आणि प्लेअर मावशी सोबत घेऊन गेली.